चार तारांचा खर्ज

(सामुदायिक रेडिओवरील महिलांच्या कार्यक्रमात झालेलं भाषण)

मागच्या कार्यक्रमानंतर ठाकूरद्वारहून एका ताईंचा फोन आला होता. त्यांची मुलगी अकरावीत आहे. कॉलेजातल्या दोन मैत्रिणींबरोबर ती जुनी इंग्रजी रॉक गाणी वाजवते आणि आता तिला बेस गिटार हवी आहे. ताई म्हणाल्या, "साधी गिटार घे म्हटलं तर ऐकत नाही. हिला तारा चारच, आणि किंमत सहा तारांच्या गिटारीपेक्षा जास्त. आमची खोली चाळीतली, जमीन लाकडी, खालच्या मजल्यावर आजारी माणूस. आणि हिचे बाबा म्हणतात, ते वाद्य गाण्यात ऐकूच येत नाही, मग घ्यायचं कशाला?"

आज या फोनबद्दलच बोलू या. असे प्रश्न बऱ्याच घरांत असतील.

बाबांचं म्हणणं आधी घेते, कारण ते अर्धं खरं आहे. मोबाइलच्या स्पीकरवर गाणं लावलं तर बेस गिटार जवळजवळ नाहीशी होते. तो स्पीकर नखाएवढा. खोल आवाजाला पुष्कळ हवा हलवावी लागते, ते त्याच्याच्यानं होत नाही. आपल्यापैकी ज्या भजनात गातात त्यांची पट्टी बहुधा काळी चार किंवा काळी पाच असते. काळी चारचा सा म्हणजे सेकंदाला सुमारे २०८ कंपनं. बेस गिटारची सगळ्यात जाड तार सेकंदाला फक्त ४१ वेळा हलते. म्हणजे आपल्या सा पासून दोन सप्तकं खाली उतरायचं आणि तिथून आणखी थोडं खाली. पुरुष गवयांच्या तंबोऱ्याचा खर्जसुद्धा एवढा खाली जात नाही. बाकीच्या तीन तारा ५५, ७३ आणि ९८ कंपनांच्या. साध्या गिटारीच्या जाड चार तारांचेच हे सूर, पण एक सप्तक खालचे.

आता एक प्रयोग करा. माहितीतलं गाणं आधी फोनच्या स्पीकरवर ऐका आणि मग तेच कानात इअरफोन घालून ऐका. दुसऱ्या वेळी गाण्याखाली काहीतरी चालतंय असं जाणवेल. दग्गा बाजूला ठेवून नुसता तबला वाजवला तर बोल कळतात, पण गाण्याखालची जमीन जाते, तसंच हे आहे. आणि हा खालचा सूर नुसता भरीला नसतो. घरात पेटी असेल तर एकीला भाता हलवायला सांगा आणि मध्य सप्तकातले सा, ग, प एकदम दाबून धरा. डाव्या हाताने खालचा सा दाबा. गोड, भरलेलं वाटेल. मग वरचे तिन्ही सूर तसेच ठेवून डाव्या हाताचं बोट सा वरून मंद्रातल्या ध वर न्या. वर काहीच बदललं नाही, तरी सगळं एकदम उदास होतं. बेस वाजवणारी मुलगी गाण्यात हेच काम करत असते. गाणारी तीच, शब्द तेच. गाण्याचा चेहरा बदलायचा की नाही हे खाली ठरतं.

हे वाद्य फार जुनं नाही. पूर्वी खर्जासाठी माणसाएवढा उंच डबल बास असायचा, उभा राहून वाजवायचा. तो टॅक्सीत मावायचा नाही आणि ढोल-ट्रम्पेटच्या गलक्यात ऐकूही जायचा नाही. अमेरिकेत सिअ‍ॅटलला पॉल टुटमार्क नावाच्या माणसाने १९३०च्या दशकात आडवी धरायची विजेची बेस बनवली होती, पण ती चालली नाही. १९५१ साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी बनवलेली चालली. हे फेंडर मुळात रेडिओ दुरुस्त करणारे, त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! डबल बासवर बोट नेमकं कुठे ठेवायचं हे कानाने शोधावं लागतं. फेंडरनी दांडीवर पडदे बसवले, सतारीला असतात तसे, म्हणजे सूर चुकायला नको. म्हणून त्या वाद्याचं नाव 'प्रिसिजन', अचूक.

मुंबईत हा खर्ज ठाकूरद्वारपासून फार लांब नव्हता. धोबीतलाव, कावेल, खोताची वाडी हा सगळा चालत जायचा पट्टा. गोव्यातल्या गावांच्या 'कूड' नावाच्या खानावळवजा क्लबांत उतरलेले वादक इथूनच फिल्म स्टुडिओत आणि हॉटेलांत वाजवायला जायचे. पोर्तुगीज काळात गोव्यातल्या चर्चच्या शाळांमध्ये मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवत, त्यामुळे कागद समोर ठेवला की ते वाजवत. फर्टाडोज हे १८६५ पासूनचं वाद्यांचं दुकानही धोबीतलावलाच. पुढे सिनेसंगीतात डबल बासची जागा बेस गिटारने घेतली. राहुलदेव बर्मन यांची १९७० नंतरची गाणी इअरफोन लावून ऐका, म्हणजे खालून कोण गाणं ओढतंय ते कळेल. त्यांच्याकडे बेस वाजवायचे टोनी वाझ. रेकॉर्डच्या कव्हरवर गायकाचं, संगीतकाराचं, गीतकाराचं नाव असे. वाजवणाऱ्यांचं बहुधा नसे.

आता वाद्य बनतं कसं, ते सांगते. मला स्वतःला यातच जास्त रस आहे. आणि किंमत जास्त का, या ताईंच्या प्रश्नाचं उत्तरही यातच आहे.

सूर खाली न्यायचा तर तार लांब हवी, जाड हवी किंवा सैल हवी. फार सैल केली तर ती फडफडते. म्हणून लांबी वाढवायची. बेस गिटारच्या तारेची वाजणारी लांबी सर्वसाधारणपणे ३४ इंच असते. जाड तारेची जाडी अडीच मिलिमीटरच्या आसपास. पण ही सळी नव्हे. नुसती तेवढी जाड सळी ताठ होईल, नीट गुणगुणणार नाही. आत बारीक पोलादी तार असते आणि तिच्यावर दुसरी तार गुंडाळत नेलेली असते, म्हणजे वजन वाढतं आणि लवचीकपणा राहतो. अशा चार तारा मिळून दांडीला साधारण ८० किलोंचा ताण देतात. एक धडधाकट माणूस दिवसरात्र तिला लटकलेला आहे असं समजा. म्हणून लाकूड चांगलं लागतं, खुंट्या दणकट लागतात, दांडीच्या पोटात पोलादी सळी घालावी लागते. तिला ट्रस रॉड म्हणतात. पैसे जातात ते इथे. तारांची संख्या मोजून किंमत ठरत नाही.

पडद्यांची जागा हिशोबाने निघते, आणि तो हिशोब आपल्याला घरीसुद्धा जमेल. एकूण लांबीला १७.८१७ ने भागायचं. ३४ इंचांना भागलं की १.९१ इंच येतात, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकापासून तेवढ्यावर पहिला पडदा. उरले ३२.०९ इंच. त्यांना पुन्हा त्याच आकड्याने भागा, १.८० इंच, हा पहिल्यापासून दुसऱ्याचा अंतर. असं करत गेलं की बारावा पडदा बरोबर १७ इंचांवर, तारेच्या मध्यावर येतो आणि तिथे वरचा सा मिळतो. इथे हिशोब चुकला तर कान तक्रार करतो. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, ते सरकवून घेता येतात. हे दांडीत ठोकलेले असतात, एकदा बसले की बसले.

लाकडाचं म्हणाल तर बोटं जिथे दाबतात त्या पट्टीसाठी जगभरचे कारागीर आपल्याकडची शिसव वापरतात. आजीच्या पलंगाची तीच शिसव. तिची तोड फार झाली म्हणून २०१७ पासून त्या जातीच्या लाकडाच्या परदेश व्यापारावर आंतरराष्ट्रीय बंधनं आली, आणि गिटार बनवणारे अडकले. २०१९च्या शेवटी तयार वाद्यांना त्यातून सूट मिळाली. अंगासाठी मात्र अनेक लाकडं चालतात. भरीव अंगाच्या वाद्यात आवाज पोकळीतून येत नाही, त्यामुळे तंबोऱ्याच्या भोपळ्यासारखी पारख तिथे करावी लागत नाही. कुठल्या लाकडाने आवाज किती बदलतो यावर हौशी मंडळी तासन् तास भांडतात. माझं मत विचाराल तर दांडी सरळ असणं आणि पडदे नीट बसलेले असणं, याला लाकडाच्या जातीपेक्षा जास्त महत्त्व आहे.

घरी वाद्य बनवण्याची सगळ्यात सुंदर गोष्ट मला माहीत आहे ती क्वीन बँडच्या ब्रायन मे यांची. १९६३ साली ते शाळकरी होते, विकतची गिटार परवडत नव्हती. वडील इलेक्ट्रॉनिक्समधले. दोघांनी मिळून घरात गिटार करायला घेतली. दांडी जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडाची, स्प्रिंगा मोटारसायकलच्या, एका दांड्याच्या टोकाला विणकामाची सुई. आणि पडद्यांच्या खुणांना जे पांढरे ठिपके लावतात, ते आईच्या शिवणाच्या डब्यातली शिंपल्याची बटणं! तीच गिटार घेऊन ते पुढे जगभर वाजवत राहिले. त्याच बँडचा बेस वाजवणारा जॉन डीकन, त्याने कचऱ्यात टाकलेल्या एका सर्किटपासून छोटा अ‍ॅम्प्लिफायर बनवला आणि तो त्यांच्या रेकॉर्डिंगमध्ये वापरला गेला. आणि गाणारा फ्रेडी मर्क्युरी, तो तर आपल्या पाचगणीच्या शाळेत शिकलेला; पहिला बँड त्याने तिथेच काढला.

भरीव लाकडातून आवाज येतो कसा? गिरगावात गणपतीला बेंजो पार्टी ऐकलीत ना, त्या बेंजोला वायर जोडलेली असते. तेच तत्त्व इथे. तारांखाली लोहचुंबक, त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. याला पिकअप म्हणतात. पोलादी तार चुंबकावर थरथरली की वेढ्यांत बारीकशी वीज तयार होते, तारेच्या कंपनांइतक्याच वेळा मागेपुढे होणारी. ती वायरने बाहेर जाते आणि अ‍ॅम्प्लिफायर ती मोठी करतो. गंमत अशी की घरातल्या विजेचीसुद्धा ५० कंपनं असतात. ती पिकअपमध्ये शिरली की सतत 'हंऽऽ' असा आवाज येतो, आणि हा हंकार नेमका बेसच्या पहिल्या दोन तारांच्या मधला सूर असतो. म्हणून १९५७ पासून प्रिसिजन बेसला पिकअपचे दोन तुकडे केले, वेढे एकमेकांच्या उलट. घरच्या विजेचा आवाज दोघांत उलटसुलट येऊन मिटतो, तारेचा मात्र टिकतो. जुनं वाद्य घेताना असा हंकार आला तर घाबरू नका. बहुतेकदा आतली अर्थिंगची वायर सुटलेली असते, ती जोडायची.

आता चाळीचा प्रश्न. हा खरा आहे, आणि "वाजव गं हळू" म्हणून तो सुटत नाही. ४१ कंपनांच्या आवाजाची एक लाट २७ फूट लांब असते. आपली खोली दहा बाय बारा. म्हणजे लाट खोलीपेक्षा मोठी. बारीक आवाज भिंतीवर, पडद्यावर, गादीवर अडतो. हा अडत नाही. लाकडी जमिनीवर अ‍ॅम्प्लिफायर ठेवला तर जमीनच स्पीकरसारखी हलते आणि खालच्या माणसाच्या छातीत धडधड होते. खाली गोधडीची घडी घातली तर थोडा फरक पडतो, थोडाच. आजारी माणसाच्या डोक्यावर अ‍ॅम्प्लिफायर नकोच, इथे मी बाबांच्या बाजूची.

पण विजेच्या वाद्याचा फायदाही इथेच आहे. वायर न जोडता बेस गिटार वाजवली तर तिचा आवाज शिवणयंत्रापेक्षा कमी असतो. पेटी, तबला, व्हायोलिन यांचं असं नाही. हेडफोन लावायचा छोटा अ‍ॅम्प मिळतो, काडेपेटीहून जरासा मोठा, थेट वाद्यात खोचायचा. मुलगी रात्री अकरालाही सराव करू शकते आणि शेजारच्या खाटेवर आजी झोपलेली राहू शकते. फक्त हेडफोनचा आवाज बेताचा ठेवायचा. खोल सूर कानाला हळू वाटतात म्हणून मुलं आवाज वाढवत जातात आणि त्याबरोबर बाकीचं सगळं कानावर आदळतं.

आवाज आणि शेजार यांचं भांडण आपल्या भागात नवं नाही. धोबीतलावच्या रंगभवनात १९८६ पासून 'इंडिपेंडन्स रॉक' भरायचा, हजारो मुलं उघड्यावर बसून ऐकायची. पुढे रुग्णालयं, शाळा आणि न्यायालयांपासून १०० मीटरच्या आत शांतता क्षेत्र, असा नियम २००० साली आला आणि रंगभवनातली गाणी थांबली. वाजवणाऱ्यांना हळहळ वाटते. रुग्णालयातल्या खाटेवरून बघितलं तर नियम चुकीचा म्हणता येत नाही. मला दोन्ही खरं वाटतं. शहरात वाजवायला जागा हवी, आणि ती दिली जात नाही, हे दुखणं आहेच.

रेकॉर्डिंगचंही याच्याशी नातं आहे. पूर्वी ताडदेवच्या फिल्म सेंटरसारख्या स्टुडिओत गायिका, चाळीस-पन्नास वादक सगळे एकाच वेळी वाजवत. एकाचा सूर चुकला की पुन्हा पहिल्यापासून. जानेवारी १९६८ मध्ये बीटल्सचा जॉर्ज हॅरिसन फोर्टातल्या एचएमव्हीच्या स्टुडिओत आला होता, आपल्या वादकांना घेऊन रेकॉर्डिंग करायला. तेव्हा हाताशी दोन ट्रॅकचं यंत्र होतं. म्हणजे अख्ख्या मेळाचा आवाज दोनच पट्ट्यांत बसवायचा. आज ती मुलगी घरातल्या कॉम्प्युटरला वहीएवढी एक डबी जोडेल, तिच्यात बेसची वायर खोचेल आणि हव्या तितक्या पट्ट्यांवर नोंदवेल. मायक्रोफोन नाही, त्यामुळे कुकरची शिट्टी, खालचा भाजीवाला, काहीच त्यात येत नाही. गायिकेला हे सुख नाही, तिला शांत खोली शोधावी लागते. बेसवालीला चाळ अडवत नाही!

यंत्राने माणसाची जागा घेण्याचा प्रयत्नही बेसच्या बाबतीत झाला. १९८१च्या शेवटी रोलँड या जपानी कंपनीने टीबी-३०३ नावाची चंदेरी पेटी काढली. बेस वाजवणारा नसला तर ही वाजवेल, अशी कल्पना. तिचा आवाज बेस गिटारसारखा मुळीच नव्हता, म्हणून ती खपली नाही आणि १९८४ मध्ये बंद झाली. पण मुंबईच्या फिल्म वाद्यवृंदातले चरणजित सिंग यांनी ती घेतली आणि १९८२ साली तिच्यावर दहा राग वाजवून रेकॉर्ड काढली. तेव्हा कोणी लक्ष दिलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा परदेशातले लोक चकित झाले, कारण तिकडे तसं नाचाचं संगीत नंतर आलं होतं.

मुलगी जी जुनी गाणी वाजवते, त्यांतली एक-दोन आईनेही ऐकावीत. पिंक फ्लॉइडचं 'मनी', १९७३चं. त्याची सुरुवातीची बेसची ओळ सात मात्रांची आहे. आपला रूपक! बोटांवर मोजून बघा. मधल्या गिटारच्या तुकड्यात ते चारांत जातात आणि पुन्हा सातांत येतात. कुठे बदललं ते पकडायला मजा येते. 'द हू' या बँडच्या १९६५च्या 'माय जनरेशन'मध्ये मधला तुकडा गिटारऐवजी बेस वाजवते, त्या काळी हे नवलच होतं. आणि क्वीनचं 'अनदर वन बाइट्स द डस्ट', १९८०चं, ते तर बेस वाजवणाऱ्या डीकनचंच गाणं. त्यात जिथे बेस गप्प बसते त्या जागा ऐका.

"मुलीच्या हाताला झेपेल का?" असंही ताईंनी विचारलं. अमेरिकेतल्या कॅरल के या बाईंचं ऐका. त्या जॅझ गिटार वाजवायच्या. घरी मुलं, आई, सगळा खर्च त्यांच्यावर. १९६३ मध्ये एका रेकॉर्डिंगला बेस वाजवणारा आलाच नाही, म्हणून त्यांनी बेस हातात घेतली आणि पुढे हजारो रेकॉर्डिंगमध्ये वाजवली. बीच बॉइजची १९६६ची 'पेट साउंड्स' ही गाजलेली रेकॉर्ड, तिच्यातल्या काही गाण्यांत बेस त्यांची आहे. ऐकणाऱ्या मुलांना वर्षानुवर्षं पत्ता नव्हता की ही बाई आहे. त्यांनी १९६९ मध्ये बेस शिकवणारं पुस्तकही लिहिलं. आपल्या मुंबईची मोहिनी डे, जन्म १९९६चा, वडिलांकडून बेस शिकली आणि ए. आर. रहमान, झाकीर हुसेन यांच्याबरोबर वाजवून आली. तेव्हा हाताचा प्रश्न संपला. सुरुवातीला बोटांना फोड येतात, दोन-तीन आठवड्यांत कातडी घट्ट होते. ३४ इंचांची दांडी लांब वाटली तर ३० इंचांची आखूड बेसही मिळते. बीटल्सचा पॉल मॅकार्टनी ज्या व्हायोलिनच्या आकाराच्या बेससाठी ओळखला जातो तिची लांबी तेवढीच.

नवीन घ्यायचीच असं नाही. वापरलेली बघायला गेलात तर तिघींनी जा, त्यांतली एक वाजवणारी हवी. बेस गालाजवळ धरून, बंदूक रोखतात तशी, दांडीवरून एका डोळ्याने बघा. थोडीशी पोकळ बाक चालते. पिळलेली दिसली तर परत ठेवा. मग प्रत्येक तार पहिल्या पडद्यापासून शेवटपर्यंत एकेक करून दाबून वाजवा. कुठे खरखर येते का, कुठे सूर मेला आहे का. बारावा पडदा दाबून येणारा सूर आणि तिथेच बोट नुसतं टेकवून येणारा घंटेसारखा सूर एकच असला पाहिजे. थोडा फरक घोडीवरच्या स्क्रूने जुळवता येतो, म्हणून तो स्क्रू फिरतो का, गंजून बसला आहे का, तेही बघा. वाद्याचं वजन चार किलोंच्या आसपास असतं, त्यामुळे खांद्याचा पट्टा रुंद घ्या. बारीक पट्ट्याने मान धरते.

आणि आपली हवा. जूनमध्ये लाकूड ओल पितं आणि दांडी जरा वाकते, तारा उंच होतात, बोटांना जड जातात. मुलीला वाटतं आपल्याला जमत नाही. तसं नसतं. ट्रस रॉडला पाव फेरा द्यायचा, एक दिवस थांबायचं, मग परत बघायचं. एकदम पूर्ण फेरा देऊ नका, सळी तुटली तर दांडीच बदलावी लागते. पहिल्यांदा हे जाणत्याकडून करून घ्या आणि शेजारी उभं राहून बघा. वाजवून झालं की सुक्या कापडाने तारा पुसायच्या, घामाने त्या गंजतात. बाहेरच्या भिंतीला ओल असेल तर तिला टेकवून ठेवू नका, आतल्या भिंतीला खिळा ठोकून टांगा.